चाक थांबत नाही, तरी अक्षर उमटतं: छपाईच्या जुन्या यंत्रांमधला विजेचा खेळ

(टेबलावर जाळी काढलेला टेबल फॅन. पात्यांवर काळ्या पुठ्ठ्याची चकती, तिच्या कडेला पांढऱ्या रंगात अक्षरं: क, ख, ग, घ...)

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, पंख्याची जाळी मी काढलीय, तुम्ही काढू नका. घरात लहान मुलं असतील तर मुळीच नको.

आता पंखा चालू करतो. (खट्) सेकंदाला साधारण पंधरा फेऱ्या. अक्षरं दिसतायत? नाही. नुसतं पांढरं कडं दिसतंय. आता मी म्हटलं की पंखा न थांबवता यातला फक्त ‘ग’ मला कागदावर हवाय, तर काय कराल?

कोणीही म्हणेल, पंखा थांबव, ‘ग’ वर आण आणि छाप. सरळ हिशेब आहे. सुरुवातीच्या बऱ्याच यंत्रांनी हेच केलं. एक एक पाऊल टाकत चाक हवं त्या अक्षरापर्यंत न्यायचं, थांबवायचं, ठोकायचं, पुन्हा निघायचं. चालतं ते, पण सगळा वेळ थांबण्यात आणि निघण्यात जातो. स्लो लोकल आणि फास्ट लोकलमधला फरक मी मुंबईकरांना सांगायची गरज नाही.

पण 1855 च्या सुमारास अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, बार्ड्सटाउन गावच्या कॉलेजात संगीत शिकवणाऱ्या एका माणसाने ठरवलं की चाक थांबवायचंच नाही. डेव्हिड एडवर्ड ह्यूज त्याचं नाव. पुढे 1878 मध्ये कार्बनच्या मायक्रोफोनसाठीही तो गाजला. पण आज आपल्याला त्याचा छापणारा टेलिग्राफ हवाय. तारेच्या एका टोकाला तुम्ही कळ दाबायची आणि दुसऱ्या टोकाला कागदाच्या पट्टीवर छापील अक्षर उमटायचं. मोर्सच्या तारेसारखे ठिपके नाहीत, रेघा नाहीत, थेट अक्षर.

(स्केच दाखवतो.) यंत्राला पियानोसारखा कीबोर्ड होता, काळ्या-पांढऱ्या 28 कळांचा. संगीताचा मास्तर, दुसरं काय करणार! प्रत्येक कळेला एक खुंटी जोडलेली आणि या 28 खुंट्या गोलात उभ्या. कळ दाबली की तिची खुंटी जराशी वर येते. बस्स, एवढंच. तारेत अजून काहीच गेलेलं नाही.

या खुंट्यांच्या डोक्यावरून एक हात सतत गोल फिरत असतो. त्याला ‘रथ’ म्हणायचे. रथ मिनिटाला शंभर-सव्वाशे फेऱ्या मारतो आणि वर आलेल्या खुंटीवरून गेला की तेवढ्यापुरतं सर्किट पूर्ण होतं. तारेत विजेचा एक छोटा झटका जातो.

आता नीट बघा. ‘ए’साठी जो झटका तोच ‘झेड’साठी. तारेला अक्षर कळतच नाही. फरक फक्त झटका कधी आला याचा. पलीकडच्या टोकाला अक्षरांचं चाक याच वेगाने फिरतंय आणि रथ ‘एम’च्या खुंटीवर असतो तेव्हा तिथे चाकावरचं ‘एम’ बरोबर कागदासमोर असतं. झटका आला की कागद वर उचलला जातो, फिरत्या चाकाला टेकतो, खाली येतो. चाक थांबलेलंच नाही. चालत्या गाडीतून बाहेर डोकावणाऱ्याला प्लॅटफॉर्मवरून टाळी द्यावी तसं.

वेळेचं गणित करू. मिनिटाला 120 फेऱ्या धरल्या तर एका फेरीला अर्धा सेकंद. त्यात 28 घरं. एका अक्षराच्या वाट्याला साधारण 18 मिलिसेकंद आले. शेकडो किलोमीटर लांब तार, तिच्यातून कसाबसा पोचणारा क्षीण करंट, आणि त्याने 18 मिलिसेकंदांच्या खिडकीत कागद उचलायचा? तेवढा दम त्या करंटमध्ये नव्हता.

म्हणून ह्यूजने जे केलं ते मला या यंत्रातलं सगळ्यात आवडतं. त्याने विजेला कामच दिलं नाही. तुमच्याकडे उंदराचा पिंजरा आहे ना, स्प्रिंगवाला? झाप ओढून ठेवायला तुमची ताकद लागते. उंदीर फक्त खोबऱ्याला तोंड लावतो, बाकी सगळं स्प्रिंग करते. इथेही तसंच. एक कायमचा लोहचुंबक लोखंडाची पट्टी धरून बसलाय आणि एक स्प्रिंग त्या पट्टीला उलट्या बाजूने ओढतेय. चुंबक जेमतेम जिंकतोय. तारेतून आलेला करंट चुंबकाभोवतीच्या कॉइलमधून असा जातो की चुंबक क्षणभर कमजोर होतो. पट्टी सुटते! पुढे कागद उचलणं, छापणं आणि पट्टी परत चुंबकाला नेऊन चिकटवणं, हे सगळं यंत्र स्वतःच्या जोरावर करतं. तो जोर कुठून? टांगलेल्या जड वजनातून. ऑपरेटर पायाने पेडल मारून ते वजन परत वर चढवायचा. म्हणजे हात पियानोवर आणि पाय शिवणयंत्रावर.

दोन गावांतली दोन चाकं एका वेगाने फिरवायची कशी? त्यासाठी थरथरणारी स्प्रिंग होती, एका ठरलेल्या सुराला लावलेली. इथे पुन्हा संगीताचा मास्तर दिसतो. तरी चाकं थोडी मागेपुढे व्हायचीच. त्यावर तोडगा असा की छापताना प्रत्येक वेळी एक दात अक्षरचाकाच्या मागच्या दातेरी चाकात घुसायचा आणि त्याला केसभर पुढे किंवा मागे सारून जागेवर आणायचा. अक्षर छापणं आणि घड्याळ मिळवणं एकाच दणक्यात. फ्रान्सच्या तारखात्याने 1860 मध्ये हे यंत्र घेतलं आणि मग ते युरोपभर पसरलं.

(पंखा बंद. बोर्डवर दोन बटणं आणि एक बल्ब, एकाच वायरीत.)

थोडं थांबू. व्हिडिओतलं बाकी काही विसरलात तरी चालेल, पण हा बोर्ड लक्षात ठेवा. घरात मेन स्विच चालू आणि खोलीतलं बटणही चालू, तरच दिवा लागतो. दोघांनी ‘हो’ म्हणायला हवं. ह्यूजच्या यंत्रात पहिलं बटण तुमचं बोट. ते सांगतं ‘कोणतं’. दुसरं बटण फिरता रथ. तो सांगतो ‘कधी’. दोन्ही जुळले की झटका. ही दोन कामं वेगळी ठेवली यातच सगळी खुबी आहे. कशी, ते पुढे माझ्याच फजितीतून कळेल.

त्याआधी एक छोटा थांबा. फ्रान्सच्या तारखात्यातला एक कर्मचारी, एमिल बोदो. ह्यूजच्या यंत्रावर त्याने स्वतः काम केलेलं होतं. 1874 मध्ये त्याने स्वतःची पद्धत आणली. 28 कळांऐवजी पाचच कळा, डाव्या हाताला दोन आणि उजव्याला तीन. प्रत्येक कळ दाबलेली किंवा सोडलेली, म्हणजे दोनाचा पाचवा घात, 32 वेगवेगळ्या खुणा. फिरणारा हात इथेही आहे. तो धातूच्या तुकड्यांवरून ब्रश फिरवतो आणि पाचही कळा एकामागून एक वाचून जातो. फेरीच्या उरलेल्या भागात तोच ब्रश दुसऱ्या ऑपरेटरच्या कळा वाचतो, मग तिसऱ्याच्या. एकच तार, अनेक माणसं. ऑपरेटरला मात्र ठेका सांभाळावा लागे. यंत्र ‘टक्’ करून सांगायचं की तुझी पाळी आली, आणि बोटं त्या तालावर पडायला हवीत. मॉडेमच्या जमान्यात ज्यांनी ‘बॉड रेट’ हा शब्द ऐकलाय, त्यांच्यासाठी: तो बॉड याच बोदोच्या नावावरून आलाय.

पुढे भोकं पाडलेली कागदी पट्टी आली, टेलिप्रिंटर आले. 1928 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात टेलिटाइपसेटर दाखवला गेला. लांबून तारेने येणारा मजकूर पट्टीवर भोकांच्या रूपात उतरायचा आणि ती पट्टी थेट लायनोटाइप, म्हणजे शिशाच्या आख्ख्या ओळी ओतणारं यंत्र, चालवायची. कॅपिटल आणि स्मॉल दोन्ही हवीत म्हणून पाचाऐवजी सहा भोकं. यावर बोलत बसलो तर संध्याकाळ होईल. आपण उडी मारू 1944 वर.

फ्रान्समध्ये रेने इगोने आणि लुई मोयरू नावाचे दोन टेलिफोन इंजिनिअर होते. छपाईतले अजिबात नव्हेत. इगोने एकदा ऑफसेट छापखान्यात, म्हणजे फोटोवरून प्लेट बनवून छापतात तिथे, गेला. तिथे त्याने पाहिलं की शिसं वितळवून ओळी ओततात, त्या बांधतात, त्यांचा एक चांगला प्रूफ काढतात, प्रूफचा फोटो काढतात आणि शिसं परत वितळवायला टाकतात. फोटोच काढायचाय तर शिसं कशाला? बाहेरच्या माणसालाच हे खटकणार. आतल्यांना ती रोजची पूजा झालेली असते.

त्यांचं यंत्र पुढे अमेरिकेत ‘फोटॉन’ आणि फ्रान्समध्ये ‘ल्युमिटाइप’ या नावाने आलं. 1953 मध्ये कीटकांवरचं एक पुस्तक त्यावर जुळवून छापलं गेलं. आता त्यात काय असेल, ओळखा. काचेची चकती. सतत फिरणारी! आठ वर्तुळांत मिळून 1440 अक्षरं, पारदर्शक, बाकी काच काळी. हवं ते अक्षर समोर आलं की मागून झेनॉनचा दिवा लखकन चमकतो आणि अक्षर फिल्मवर. कागद वर उचलण्याऐवजी प्रकाश, एवढाच फरक. पियानोवाल्या ह्यूजची कल्पना नव्वद वर्षांनी परत आली.

(पंख्याकडे.) मला वाटलं, हे आपल्यालाही जमेल. जुन्या बाजारातून टेलिफोन एक्स्चेंजचा एक रिले, म्हणजे विजेने ओढलं जाणारं बटण, आणला होता, हा बघा. (कॅमेरा जवळ. रिलेची पितळी पाती, टोकाला चांदीचे ठिपके. टक्, टक्.) जुना फ्लॅशगन याला जोडला. चकतीसमोर खिडकी पाडलेला पुठ्ठा ठेवला, म्हणजे एका वेळी एकच अक्षर दिसेल. खोलीत अंधार, कॅमेऱ्याचं शटर उघडं. ‘ग’ खिडकीत आला की रिले ओढायचा आणि फ्लॅश मारायचा.

पहिला फोटो. (फोटो.) हा ‘ग’ नाही. हा कोणीच नाही. पांढरा फराटा आहे.

चूक एक: फ्लॅश. पूर्ण ताकदीचा लखलखाट सेकंदाचा हजारावा हिस्सा धरा. माझ्या चकतीची कड त्या वेळात सेंटीमीटरभर सरकते. फोटॉनचं गणित करून बघा. गणितापुरती वीतभर, 20 सेंटीमीटरची चकती आणि सेकंदाला आठ फेऱ्या धरल्या तर कड सेकंदाला पाच मीटर धावते. दिवा फक्त दोन मायक्रोसेकंद लागला, तर तेवढ्यात ती मिलिमीटरचा शंभरावा भाग सरकते. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. डोळ्याला अक्षर उभंच दिसतं.

चूक दोन जास्त मजेची. फ्लॅशची ताकद सगळ्यात कमी केली, म्हणजे लखलखाट आखूड होतो. फराटा गेला, अक्षर स्वच्छ आलं. पण आलं ते ‘घ’. मग ‘च’. मग खिडकीच्या कडेला अर्धा ‘घ’. दोन दिवस डोकं आपटलं. दोष त्या बिचाऱ्या रिलेचा नव्हताच, तो त्याच्या स्वभावाने वागत होता. कॉइलमध्ये करंट चढायला वेळ लागतो, मग पातं हलतं, टेकतं, आणि टेकल्यावरही दोन-तीनदा उसळतं. या सगळ्याला दहा मिलिसेकंद तरी जातात, तेही दरवेळी सारखे नाहीत. फोटॉनच्या एका वर्तुळात 180 अक्षरं होती. सेकंदाला आठ फेऱ्या धरल्या तर दहा मिलिसेकंदांत चौदा अक्षरं खिडकीसमोरून निघून जातात!

मग टेलिफोनच्या अशाच रिलेंवर चालणारं फोटॉन अचूक कसं? आता बोर्डवरची दोन बटणं आठवा. रिलेला ‘कधी’ विचारायचंच नाही. रिलेने फक्त ‘कोणतं’ सांगायचं, आणि ते आधीच, निवांत. पाती टेकू दे, उसळू दे, शांत होऊ दे. ‘कधी’ ते चकतीने स्वतः सांगायचं. फिरत्या चकतीच्या फोटोसेटिंग यंत्रांत कडेला बारीक फटी असत, फटीतून प्रकाश, पलीकडे तो ओळखणारा फोटोसेल. मोजलेल्या फटी आणि रिलेंनी धरून ठेवलेला आकडा जुळला की त्या क्षणी दिवा. प्रकाशाला पातं नाही, त्यामुळे उसळणं नाही. आळशी रिले आणि चपळ फट, दोघं आपापल्या कामावर. ह्यूजची खुंटी आणि रथ, तेच.

माझ्याही चकतीला मग फटी पाडल्या, सेन्सर लावला, मोजायला आर्डुइनो, म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर बोर्ड. तिसरा फोटो. (फोटो.) हा बघा, ‘ग’. कडा अर्धा मिलिमीटर पुसट आहेत, पण ‘ग’ आहे.

शेवटची गंमत फक्त मराठीवाल्यांसाठी. ह्यूजच्या चाकावर 28 घरं. आपल्या छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, खिळ्यांची (शिशाच्या सुट्या अक्षरांची) शेकडो घरं, कारण शिशाचे दोन खिळे एकाच जागी बसू शकत नाहीत. ‘ग’च्या पोटाखाली उकार हवा, तर त्याचा वेगळा खिळा तरी पाडा, नाहीतर ‘ग’ लहान अंगाचा करून खाली उकाराला जागा करा. (यावरून आठवलं, खिळे ओतण्याचं यंत्र बनवणारे मुंबईचे शंकर आबाजी भिसे. त्यांच्यावर वेगळा व्हिडिओ लागेल.) पण प्रकाश जागा अडवत नाही. फिल्म पुढे सरकवलीच नाही, तर एकाच जागी दोनदा चमकता येतं.

पंख्याच्या चकतीवर मी एका घरात फक्त उकार काढलाय, जरा खालच्या अंगाला. दिवे बंद करतो. शटर उघडं.

(लख्ख.) हा ‘ग’ गेला.

(लख्ख.) हा उकार.

(दिवे लागतात. स्क्रीनवर फोटो: काळ्या चौकटीत एकच अक्षर, ‘गु’.)