इलिरियन: एक अंगठी आणि मूठभर शब्द

मंडळी, उत्तर अल्बानियात कोमानजवळच्या एका जुन्या दफनभूमीत काशाची एक अंगठी सापडली. तिच्यावर तीन ओळींत जेमतेम दहाएक ग्रीक अक्षरं. ‘आना ओएथे इसेर’. कुठल्याच माहीत भाषेत याचा अर्थ लागेना. मग हान्स क्राहे यांच्यासारख्या मोठ्या जर्मन भाषाशास्त्रज्ञानं ठरवलं, ही इलिरियन, एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरची प्राचीन भाषा! ‘ओएथे’ ही कुणी देवी, ‘इसेर’ म्हणजे पवित्र. चला, इलिरियन भाषेतलं पहिलं वाक्य मिळालं.

१९५९च्या सुमारास ओग्नेनोवा या बल्गेरियन विदुषीनं तीच अक्षरं उलट दिशेनं वाचली. निघालं बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातलं ग्रीक: ‘प्रभो, आनाला सांभाळ.’ कुणा ख्रिस्ती बाईची अंगठी, इलिरियन नावं कागदोपत्री दिसेनाशी झाल्यावर काही शतकांनी घडवलेली. पहिलं वाक्य गेलं, आणि दुसरं नव्हतंच.

मग त्या भाषेचं उरलं काय? ग्रीक-रोमन लेखकांनी जाता जाता टिपलेले मोजके शब्द, आणि ढीगभर नावं. माणसांची, नद्यांची, गावांची. इ.स.पू. २२९ मध्ये रोमशी भिडलेली इलिरियन राणी तेउता घ्या. तिच्या नावात ‘लोक, जमात’ या अर्थाचा जुना युरोपीय शब्द आहे. जर्मन माणूस स्वतःला ‘डॉइच’ म्हणतो, त्याचं मूळही तेच. इ.स.पू. १६८ मध्ये रोमकडून हरलेला इलिरियन राजा गेन्तियस तर एका कडू वनस्पतीच्या नावात उरला: जेन्शन. आपला काडेचिराईत त्याच कुळातला, म्हणजे राजेसाहेब आपल्याही काढ्यात आहेत म्हणायचे.

पण नावांवरून भाषा उभी करणं किती निसरडं! समजा, मराठीतलं सगळं लिखाण नष्ट झालं आणि एका तालुक्याची मतदारयादी तेवढी वाचली. साहेबराव, दौलतराव, फत्तेसिंग. हजार वर्षांनंतरचा पंडित छातीठोकपणे सांगेल, हे लोक अरबी बोलत. म्हणूनच १९६०च्या दशकात क्रोएशियन भाषाशास्त्रज्ञ काटिचिच यांनी ही नावं प्रदेशवार वेगळी केली, तेव्हा एका ‘इलिरियन’ची दोन-तीन निराळी नाममंडळं झाली, म्हणजे आपापल्या तऱ्हेची नावं असलेले प्रदेश. त्यांच्यामागे एक भाषा होती की अनेक, यावर आजही वाद आहे. आजची अल्बेनियन तिची लेक का, हा वाद त्याहून कडाक्याचा. अल्बेनियनचं पहिलं नक्की तारखेचं वाक्य १४६२ चं. मधली हजार वर्षं कोरी.

मोह आपल्यालाही होतो हं. बोस्नियातल्या बिहाचजवळ एका झऱ्यापाशी रोमन काळातल्या वेदी आहेत, ‘बिंदुस नेपच्यून’ या देवाच्या. झऱ्याचा देव आणि नाव बिंदुस! आपल्याला ‘बिंदू’ आठवणारच. आठवू द्या, पण एवढ्यावर नातं जोडू नका. अंगठीची गोष्ट नुकतीच ऐकलीत.

मला त्या मूठभर शब्दांतला एकच फार आवडतो: ‘साबाया’, धान्याची दारू. रोमन सम्राट व्हॅलेन्सला इ.स. ३६५ मध्ये शत्रूनं तटावरून ‘साबाया ढोसणारा’ म्हणून चिडवलं. आणि संत जेरोम, जन्म डाल्मेशियाच्या, म्हणजे त्याच किनाऱ्यावरच्या रोमन प्रांताच्या सीमेवरचा. बेथलेहेममध्ये म्हातारपणी बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना इजिप्तच्या अशाच पेयाचा विषय निघाला. तिथं थांबून त्यानं लिहिलं, की याला डाल्मेशिया आणि शेजारच्या पॅनोनियाकडचे लोक आपल्या रानटी बोलीत ‘साबायुम’ म्हणतात.