साखर बदलली की टी-आरएनए बदलतो का? प्रोबायोटिक जिवाणूंवर हे मोजायचं कसं

नमस्कार. आजचा प्रश्न असा: प्रोबायोटिक जिवाणूला एका साखरेवरून दुसऱ्या साखरेवर नेलं, तर त्याच्या आरएनएवरच्या रासायनिक खुणा बदलतात का? आणि बदलल्याचं दिसलं, तर त्या आकड्यावर कधी विसंबायचं? खरी अडचण दुसऱ्या प्रश्नात आहे. त्यामुळे जास्त वेळ तिथेच देऊया.

आरएनएची ए, यू, जी, सी ही चार अक्षरं तुम्हाला माहीत आहेतच. पण आरएनए तयार झाला की एन्झाइम त्यातल्या ठरावीक अक्षरांवर काही ना काही बसवतात: कुठे मिथाइल गट, कुठे गंधक, कुठे चक्क अमिनो आम्ल. ई. कोलाय या जिवाणूच्या राइबोसोमच्या (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएत अशा 36 जागा आहेत. टी-आरएनए, म्हणजे प्रथिन बनताना अमिनो आम्ल वाहून आणणारा छोटा आरएनए, तर याहून दाट सजलेला असतो, आणि त्यातल्या 34 आणि 37 या जागा सगळ्यात महत्त्वाच्या. कोडॉन म्हणजे संदेशातला तीन अक्षरांचा शब्द, आणि तो वाचणारी टी-आरएनएवरची तीन अक्षरं म्हणजे अँटिकोडॉन. 34 हे अँटिकोडॉनचं पहिलं अक्षर, 37 त्याच्या तिसऱ्या अक्षराला लागूनच. कोडॉन किती वेगाने आणि किती अचूक वाचला जाईल, हे इथे बऱ्याच अंशी ठरतं.

आता यात अन्न कुठून आलं? या खुणांचा कच्चा माल अन्नातूनच येतो. मिथाइल गट बहुतेकदा मेथिओनिनपासून, गंधक सिस्टीनपासून. 37 व्या जागेवरच्या 'टी-6-ए' या खुणेला थ्रिओनिन आणि बायकार्बोनेट लागतं. बॅसिलससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंमध्ये 54 व्या जागेवरचा मिथाइल फोलेटकडून येतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण प्रोबायोटिकमधलं नाही, साल्मोनेलामधलं आहे. 1998 मध्ये स्वीडनमधल्या ग्लेन ब्यॉर्क यांच्या गटाने दाखवलं, की 37 व्या जागेवरच्या खुणेला शेवटचा हायड्रॉक्सिल गट लावणारं एन्झाइम काढून टाकलं, तर साल्मोनेला हवेत सक्सिनेट, फ्युमरेट किंवा मॅलेटवर वाढत नाही. ग्लुकोजवर मात्र वाढतो. म्हणजे कोणतं अन्न खाता येईल, हे टी-आरएनएवरच्या एका ऑक्सिजनवर अडलं. मला हा निकाल आजही विलक्षण वाटतो.

आता प्रोबायोटिककडे येऊ. आपण घेऊया लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, म्हणजे एलजीजी. कारण याच्या खाण्याच्या सवयी स्पष्ट आहेत. ग्लुकोज खातो. आतड्याच्या श्लेष्मात आणि आईच्या दुधातल्या शर्करांमध्ये असलेला फ्युकोज खातो. पण लॅक्टोज त्याला पचत नाही, त्यामुळे नुसत्या दुधात तो एकट्याने नीट वाढत नाही.

(पडद्यावर: चार फ्लास्क — ग्लुकोज, फ्युकोज, लॅक्टोज, बिनसाखरेचा)

माध्यम म्हणून एमआरएस, म्हणजे या जिवाणूंसाठीचं नेहमीचं पोषक माध्यम, ग्लुकोज न घालता बनवा. साखरेचं द्रावण वेगळं करा, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि शेवटी 1 टक्का होईल इतकं घाला. माध्यमातल्या पेप्टोनबरोबर (प्रथिनांच्या तुकड्यांबरोबर) साखर ऑटोक्लेव्ह केली, म्हणजे दाबाखालच्या वाफेने तापवली, तर माध्यम तपकिरी होतं आणि साखरेचा काही भाग पेप्टोनशी जुळून वाया जातो. बिनसाखरेचा फ्लास्क टाळू नका, कारण एमआरएसच्या यीस्ट एक्स्ट्रॅक्टवर आणि सिट्रेटवरही थोडी वाढ होतेच. लॅक्टोजचा फ्लास्क त्याच्यापेक्षा जास्त गढुळला, तर कल्चर दूषित झालंय असं धरून चला.

नवीन साखरेवर एकदा नेलं आणि तासाभरात मोजलं, असं करू नका. टी-आरएनए टिकाऊ असतो आणि बहुतेक खुणा एकदा बसल्या की निघत नाहीत. जुना माल फक्त पेशी दुभागून पातळ होतो. 1:100 प्रमाणात रोपण केलं की वाढ पूर्ण होईपर्यंत साधारण 7 पिढ्या होतात, म्हणजे जुना टी-आरएनए शंभराव्या हिश्श्यावर येतो. त्याच साखरेवर असं सलग दोनदा करा, मग तिसऱ्या कल्चरमधून नमुना घ्या.

नमुना 600 नॅनोमीटरला शोषण (म्हणजे कल्चरचा गढूळपणा) 0.5 च्या आसपास असताना घ्या. त्याच वेळी पीएच नोंदवा. ग्लुकोजवरचा फ्लास्क लवकर आंबतो, आणि मग तुम्ही साखरेचा नाही, आम्लाचा परिणाम मोजत बसता. पेशी गोळा करण्याआधी, कल्चरच्या पाचव्या हिश्श्याइतकं इथेनॉलमधलं 5 टक्के फिनॉल, बर्फासारखं थंड करून ओता. पेशींचं काम तिथल्या तिथे थांबतं.

एलजीजीसारख्या लॅक्टोबॅसिलसची भिंत जाड असते. लायसोझाइमने ती नीट फुटत नाही, आणि 37 अंशांवर अर्धा तास ठेवलं तर तेवढ्या वेळात आरएनए तुटत राहतो. 0.1 मिलिमीटरचे झिर्कोनिया मणी आणि ट्रायझॉल (पेशी फोडून आरएनए वाचवणारं द्रावण) घालून 40 सेकंद जोरात हलवा, 2 मिनिटं बर्फावर, असं तीनदा.

पुढची पायरी नेमकी नवख्यांना फसवते. नेहमीचे आरएनए कॉलम 200 अक्षरांपेक्षा लहान आरएनए धरून ठेवत नाहीत. टी-आरएनए असतो 75 ते 90 अक्षरांचा. तो धुऊन जातो, तुम्ही फेकून देता, आणि कॉलमवर उरलेल्या राइबोसोमच्या आरएनएला टी-आरएनए समजून मोजता. म्हणून आयसोप्रोपॅनॉलने अवक्षेपित करा, आणि 8 मोलर युरिया असलेल्या 10 टक्के जेलमधून टी-आरएनएचा पट्टा कापून घ्या. राइबोसोमच्या आरएनएचे तुकडे मिसळले तर स्यूडोयुरिडिनचे (यू च्या एका बदललेल्या रूपाचे) आकडे निरर्थक होतात.

मग आरएनएचे सुटे न्यूक्लिओसाइड, म्हणजे शर्करेसह एकेक अक्षर, करायचे: 1 मायक्रोग्रॅम टी-आरएनए, न्यूक्लिएज पी-1, फॉस्फोडायएस्टरेज, फॉस्फेटेज, 37 अंशांवर 2 तास. सोबत डीअमिनेज रोखणारं पेंटोस्टॅटिन आणि टेट्राहायड्रोयुरिडिन घाला, नाहीतर डीअमिनेज एन्झाइममुळे ए चा आय (इनोसिन) आणि सी चा यू होतो. पीएच आणि तापमान जास्त चढू देऊ नका. अल्कधर्मी आणि गरम द्रावणात एम-1-ए (मिथाइल लागलेला ए) ची मिथाइल जागा सोडून एम-6-ए बनते. मग 'फ्युकोजवर एम-6-ए वाढला' असं छान दिसतं आणि ते फक्त ट्यूबमध्ये घडलेलं असतं.

रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये बहुतेक न्यूक्लिओसाइड तुटताना 132 डाल्टनची शर्करा सोडतात. स्यूडोयुरिडिन सोडत नाही, कारण तिथे शर्करा कार्बनशी जोडलेली असते. त्याचं वजनही युरिडिनइतकंच, म्हणून ते मास स्पेक्ट्रोमीटरच्या आधी रेणू वेगळे करणाऱ्या कॉलममधून आधी बाहेर येण्याच्या वेळेवरून ओळखायचं. प्रत्येक नमुन्यात नायट्रोजन-15 ची खूण असलेलं मानक घाला. त्याशिवाय दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी तोलता येत नाहीत.

मास स्पेक्ट्रोमीटर नसेल तर एक खूण तरी जेलवर बघता येते: क्यूओसिन. हे हिस्टिडिन, अॅस्परॅजिन, अॅस्पार्टेट आणि टायरोसिन या चार टी-आरएनएंवर 34 व्या जागी बसतं. बोरोनेट मिसळलेल्या अॅक्रिलअमाइड जेलमध्ये क्यूओसिन असलेला टी-आरएनए मागे राहतो, नसलेला पुढे जातो. त्याआधी ट्रिस पीएच 9 मध्ये 37 अंशांवर अर्धा तास ठेवून टोकाचं अमिनो आम्ल काढा. नाहीतर दोनाऐवजी तीन-चार पट्टे दिसतात.

क्यूओसिन इथे खास यासाठी, की ऱ्हॅम्नोससमध्ये त्याच्या पूर्वरूपाला ओळखणारा रायबोस्विच (रेणू चिकटला की जनुकाचं काम कमी-जास्त करणारा आरएनएचा तुकडा) आहे, आणि तो ते पूर्वरूप आत घेणाऱ्या वाहकाचं जनुक सांभाळतो. म्हणजे बाहेरून काय मिळतं यावर जिवाणूची नजर आहे. आणि एमआरएसमधल्या बीफ एक्स्ट्रॅक्टमधून असे रेणू येऊ शकतात, लॉट बदलला की प्रमाणही बदलू शकतं. म्हणून चारही फ्लास्क एकाच लॉटमधून भरा, आणि निकाल रासायनिक घटक ठाऊक असलेल्या माध्यमात पुन्हा तपासा.

आता सगळं बरोबर करून फरक दिसला. तरी एक गोष्ट उरते: वाढीचा वेग. दोन साखरांवर जिवाणू सहसा सारख्या वेगाने वाढत नाही, आणि वेग बदलला की खुणाही बदलू शकतात, साखर कोणतीही असो. ग्लुकोजचा फ्लास्क थंड ठेवून वेग जुळवू नका, कारण तापमान स्वतःच खुणा बदलू शकतं. केमोस्टॅट वापरा, म्हणजे ताजं माध्यम ठरावीक दराने आत येणारं आणि तेवढंच बाहेर जाणारं भांडं. दोन्ही साखरांसाठी पातळ करण्याचा दर तासाला 0.2 ठेवला, तर दोन्हीकडे दुप्पट व्हायला साडेतीन तास लागतात. तिथेही फरक टिकला, तर तो साखरेचा.

आणि 'जुळवून घेणं' हा शब्द वापरायचा असेल, तर अजून एक प्रयोग हवा. क्यूओसिन बसवणाऱ्या एन्झाइमचं जनुक, टीजीटी, काढून टाका. ग्लुकोजवर वाढ तीच आणि फ्युकोजवर मंद, असं दिसलं पाहिजे. मग जनुक प्लाझमिडवरून (डीएनएच्या छोट्या वर्तुळावरून) परत द्या. वाढ पूर्ववत झाली तर ती खूण जिवाणूच्या उपयोगाची होती. नाही झाली, तर जनुक काढताना शेजारचं काहीतरी बिघडलं असण्याची शक्यता आधी तपासा.