गोफ विणायचा, आणि उलगडायचाही

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. आपल्यातले बरेच जण गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे, काणकोण इकडचे. तेव्हा बोलता बोलता मध्येच कोकणी घुसली तर सांभाळून घ्या. मला विषय दिलाय ‘वेणी’. संयोजक वहिनींना बहुतेक म्हार्दोळच्या जायांवर, म्हणजे जाईच्या फुलांवर, आबोलीच्या वळेसरावर, म्हणजे गजऱ्यावर, काहीतरी सुगंधी ऐकायचं असणार. (आबोलीला वास नसतो, ते जाऊ दे.) पण मला आज वेणीच्या कारागिरीबद्दल बोलायचंय.

तीन पेड घ्यायचे. उजवा मधल्यावरून टाकायचा, मग डावा मधल्यावरून. गाठ कुठेच नाही. खाली रिबीन लागते ती फक्त टोकाला. मधली वेणी आपली आपणच टिकते, कारण प्रत्येक पेड शेजारच्याला दाबून धरतो. दोरीचं तसं नाही. नुसता पीळ दिलेला धागा सोडला की गरगरा फिरून उलगडतो. म्हणून काथ्याचं सुंभ वळताना दोन पदर एका दिशेनं पिळतात आणि एकमेकांभोवती उलट दिशेनं वळतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ. वेणीला एवढा हट्ट नाही. मात्र ती फार ताणून घातली, आणि रोज घातली, तर कपाळावरचे केस मागे हटत जातात. आमच्या आज्यांना ‘घट्ट म्हणजे नीट’ असं वाटायचं, त्याची किंमत कित्येक कपाळांनी मोजली आहे.

केसांपलीकडेही वेणी कामाची. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, गेलात तर कांद्याच्या माळा दिसतात. वाळकी पातच एकमेकींत गुंफलेली. पावसाळाभर ती माळ आढ्याला टांगलेली असते; वारा लागतो, सडका कांदा लगेच दिसतो आणि हवे तेवढे खुडून घेता येतात. फ्रीज नव्हता तेव्हाची ही अक्कल, आणि कांद्यासाठी अजूनही मला फ्रीजपेक्षा तीच बरी वाटते.

प्रयागचं वेणीदान तुम्हाला ठाऊक असेल. तिथं नवरा बायकोची वेणी घालतो आणि तिचं टोक कापून संगमात सोडतात. बऱ्याच काकांची उभ्या जन्मातली ही पहिलीच वेणी, त्यामुळे भटजींपेक्षा काकूंच्याच सूचना जास्त. इकडे अमेरिकेत वेणीला कायद्याचा आधार घ्यावा लागला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला, की वेण्या किंवा जटा यांसारख्या केशरचनेवरून नोकरीत आणि सरकारी शाळांत भेदभाव करता येणार नाही. तो प्रामुख्यानं कृष्णवर्णीयांच्या अनुभवातून आला. मला गंमत वाटली ती वेगळ्याच कारणानं: आमच्या शाळेत दोन वेण्या घालून, वर दुमडून लाल रिबीन बांधली नाही म्हणून वर्गाबाहेर उभं करायचे!

आता माझ्या आवडीचं. शिगम्यात काणकोण, केपे, सांगे या भागांत गोफ नाचतात. मांडावर, म्हणजे नाचाच्या जागेवर, मधोमध, उंचावर रंगीत दोऱ्यांचा झुबका बांधलेला असतो आणि प्रत्येक गड्याच्या हातात एक टोक. घुमट, शामेळ ही वाद्यं सुरू झाली की निम्मे उजवीकडून, निम्मे डावीकडून निघतात. समोरून येणाऱ्याला एकदा आतून बगल द्यायची, पुढच्याला बाहेरून. वर गोफ विणत खाली उतरतो, हातातली दोरी आखूड होते, रिंगण आवळत जातं. बघणाऱ्याला वाटतं, झालं. खरी परीक्षा तिथून पुढे असते. ताल तोच ठेवून पावलं उलटी टाकायची, शेवटची बगल सर्वांत आधी. विणताना एकानं चूक केली तर वर ती फारशी कळतही नाही. उलगडताना मात्र त्याच जागी सगळे अडतात आणि कोण चुकलं ते अख्ख्या वाड्याला दिसतं.

एमिल आर्टिन या गणितज्ञानं १९२० च्या दशकात वेण्यांचं रीतसर गणित मांडलं. त्यात हेच आहे: प्रत्येक वेणीला तिची उलट वेणी असते, दोन्ही एकापुढे एक जोडल्या की पेड पुन्हा सरळ होतात. पण क्रम पाळायला हवा. आमचे गडे हे कागदाशिवाय करतात, तेही नाचत, वर गात.

तर वहिनी, गजऱ्याचं राहिलंच, पण एक मागणी आहे. पुढच्या शिगम्याला आपण गोफ बसवू या. माणसं सम संख्येत हवीत, आठ पुरे. नायलॉनची दोरी आणू नका, ती निसटते. जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या चालतील, दोन ठळक रंगांच्या. घुमट आपल्याकडे आहे. हॉलच्या छताला भार सोसेल असा आकडा आहे का, ते मात्र कुणीतरी शिडी लावून आजच बघा.