कुठवर आलो होतो?

टेबलावर मुद्रिताचे एक पान आहे, त्यावर लाकडी फूटपट्टी आडवी ठेवलेली आहे, आणि पट्टीखाली पुढचा सगळा मजकूर झाकलेला आहे. मुद्रितशोधकाची पेन्सिल एकेका शब्दावरून सरकते आणि ओळ संपली की पट्टी तेवढीच खाली येते. कॅमेरा वरून रोखलेला असल्यामुळे चेहरा दिसत नाही, मात्र लक्ष कुठे आहे हे कळायला हे दोन हात पुरेसे आहेत.

आता टेबलाच्या कडेला ठेवलेला फोन उजळला. त्याला कोणी हात लावला नाही, तरीही पेन्सिल जागच्या जागी थांबली. नुसती सूचना आली आणि फोन उचललाही नाही, तरी हातातल्या कामात चुका वाढतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते.

हे दुखणे फोनच्या आधीचे आहे. पडद्यावर दिसणारे हे शिरस्त्राण १९२५ सालचे असून ते ह्यूगो गर्न्सबॅक या संपादकाने आपल्या ‘सायन्स अँड इन्व्हेन्शन’ मासिकात मांडले होते. त्याचे नाव ‘आयसोलेटर’. बाहेरचा आवाज आत येऊ नये अशी त्याची बांधणी होती, डोळ्यांसमोरच्या काचा काळ्या करून त्यांवर फक्त बारीक फट ठेवलेली होती, आणि आत बसलेल्याला गुदमरू नये म्हणून प्राणवायूची नळी जोडलेली होती. एका वेळी एकच ओळ दिसावी एवढ्यासाठी हा खटाटोप. तेच काम आपली फूटपट्टी मुकाट्याने करते. पण बाहेरचे सगळे बंद केले तरी मघाचे अर्धवट काम डोक्यात चालूच राहते, आणि त्यावर शिरस्त्राणाकडेही उपाय नव्हता.

पुढच्या दृश्यात तीन कागद आहेत. पहिल्यावरच्या प्रत्येक संख्येत ठरावीक आकडा मिळवायचा, दुसऱ्यावर वजा करायचा, आणि तिसऱ्यावर एकदा मिळवायचा, एकदा वजा करायचा. मानसशास्त्रज्ञ आर्थर जर्सिल्ड यांनी १९२७ साली अशाच याद्या वापरून आलटून पालटून केलेल्या कामाला वेळ जास्त लागतो हे दाखवले. चित्रीकरणाचा वेग कमी केल्यावर तिसऱ्या कागदावरचा हात प्रत्येक संख्येपाशी क्षणभर अधांतरी राहिलेला स्पष्ट दिसतो. जर्सिल्ड यांचे आणखी एक निरीक्षण सहसा कोणी सांगत नाही, आणि आम्हाला तेच अधिक मोलाचे वाटते: यादीत एकाआड एक संख्या आणि शब्द ठेवले, संख्या दिसली की वजाबाकी करायची आणि शब्द दिसला की विरुद्धार्थी शब्द सांगायचा असे ठरवले, तेव्हा हा जादा वेळ लागला नाही. पुढे काय करायचे ते समोरचा कागदच सांगत होता.

एका कामातून दुसऱ्याकडे वळताना मागे अडकून राहणाऱ्या लक्षाला सोफी लेरॉय यांनी २००९ साली ‘अटेन्शन रेसिड्यू’ असे नाव दिले. थेरेसा ग्लोम्ब यांच्यासह २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. काम मध्येच सोडावे लागले तर आपण कुठवर आलो होतो आणि परतल्यावर काय करायचे आहे, एवढेच थोडक्यात लिहून ठेवायचे. असे लिहिणाऱ्यांना मध्ये आलेले दुसरे काम अधिक चांगले जमले. सतत व्यत्यय येत राहिले तर माणसे घाईने काम उरकतात, पण त्यांचा ताण आणि चिडचिड वाढते, असे ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नोंदवले आहे.

पुन्हा टेबलाकडे येऊ. आतल्या खोलीतून हाक आली आहे आणि उठणे भाग आहे. उठण्यापूर्वी पेन्सिल समासाकडे वळते आणि तिथे बारीक अक्षरांत लिहिते: ‘चौथ्या ओळीपर्यंत झाले. हेच नाव मागे दीर्घ आले आहे का, ते पाहायचे.’ खुर्ची मागे सरकते, आणि पान, पट्टी व पेन्सिल एवढेच चौकटीत उरते.

हात परत येतात. बोट आधी समासातल्या नोंदीवर टेकते, मागची दोन पाने उलटली जातात, एका वेलांटीभोवती गोल पडतो, आणि पट्टी पाचव्या ओळीखाली येऊन थांबते.