गोळीचा शेवटचा स्पर्श

(दृश्य: पन्नास मीटर रेंजवरचं लक्ष्य. कॅमेरा हळूहळू मधल्या वर्तुळाकडे सरकतो.)

या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर रुंद आहे. नेमबाजाला त्याच्या जागेवरून ते वेगळं दिसतही नाही, दिसतो तो नुसता काळा गोल. १ ऑगस्ट २०२४ रोजी, फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं याच अंतरावर गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरला आणि ४५१.४ गुणांसह ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. गोळी केंद्रापासून ०.८ मिलिमीटर लांब सरकली, की एक दशांश गुण गेला.

इतका बारीक हिशेब असला, की आपण श्वासाबद्दल बोलतो, ट्रिगरवरच्या बोटाबद्दल बोलतो, वाऱ्याबद्दल बोलतो. नळीच्या टोकाशी, जिथे आतल्या खाचा संपतात, तिथल्या कडेबद्दल फार कमी बोललं जातं. या कडेला क्राउन म्हणतात. रायफलचा गोळीला होणारा शेवटचा स्पर्श हा या कडेचा असतो.

(दृश्य: नळीचं तोंड, अगदी जवळून. खाचा स्पष्ट दिसतात.)

या प्रकारात वापरतात त्या पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची, रायफलच्या नळीत खाचांचा पेच साधारण १६ इंचांत एक फेरा घेतो. वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटर धरला, तर बाहेर पडणारी ती २.६ ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला सुमारे ८०० गिरक्या घेत असते. तिच्या मागे वायू अजून दाबाखाली कोंडलेला असतो. गोळीचं बूड कडेवरून सुटतं आणि त्याच क्षणी वायूला वाट मिळते. तो गोळीपेक्षा जास्त वेगानं बाहेर झेपावतो, तिला मागे टाकतो, आणि निमिषभर गोळी त्या लोटातूनच जाते.

कड सगळीकडून सारखी असेल, तर वायू चहूबाजूंनी एकदम निसटतो आणि बुडावरचा दाब समतोल राहतो. एका जागी खोच पडली असेल, लेथवरचा बारीक बर, म्हणजे धातूचं कुसळ, राहून गेला असेल, तर वायू एका बाजूनं आधी सुटतो. बुडाला तिरका धक्का बसतो. मग हात हलून सुटलेल्या भोवऱ्यासारखी गोळी डुलत पुढे जाते. पॉइंट टू-टूमध्ये दारू थोडी, त्यामुळे तोंडाशी उरलेला दाबही मोठ्या लष्करी काडतुसापेक्षा खूप कमी. पण इथे गोळी मऊ शिशाची असते, आणि लक्ष्य आहे १०.४ मिलिमीटरचं.

कुणी विचारेल, खोच कायम त्याच जागी असेल तर प्रत्येक गोळी त्याच बाजूला जाईल, मग साइट फिरवून घेतली की झालं! काही अंशी हे बरोबर आहे. पण प्रत्येक काडतूस थोडं निराळं असतं. दारूचा वजनातला फरक, बुडाचा आकार, नळीत साचलेलं शिसं, हे सगळं दर वेळी बदलतं, आणि त्याबरोबर त्या तिरक्या धक्क्याचा जोरही बदलतो. ग्रूप, म्हणजे लक्ष्यावरच्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, फाकतो तो इथे.

गोळीच्या बुडाचं महत्त्व ज्यांनी चिकाटीनं तपासलं, ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर फ्रँकलिन मॅन. त्यांनी नळी काँक्रीटच्या भक्कम बैठकीवर बसवली, म्हणजे माणसाच्या हाताची चूक हिशेबातून गेली. गोळीच्या वाटेत कागदाचे पडदे लावले आणि भोकांच्या आकारावरून ती कुठे कशी कलली होती ते वाचलं. १९०९ साली त्यांनी हे सगळं प्रसिद्ध केलं. गोळीचं टोक बिघडवलं तर फारसं बिघडत नाही, बूड बिघडवलं तर नेम कोलमडतो, हे त्यांनी दाखवून दिलं. बुडाला शेवटी स्पर्श करते ती क्राउनची कड, म्हणून मला हा माणूस या विषयात फार मोलाचा वाटतो.

(दृश्य: लेथवर फिरणारी नळी. डायल इंडिकेटरचा, म्हणजे बारीक फरक मोजणाऱ्या उपकरणाचा, काटा.)

क्राउनचे आकार अनेक. कुठे ११ अंशांचा उतार, कुठे गोलसर तोंड, कुठे कड थोडी आत घेतलेली, म्हणजे रायफल आपटली तरी ती वाचते. कोनावरून नेमबाजांमध्ये खूप वाद होतात. मला त्यात फार अर्थ दिसत नाही. कड नळीच्या छिद्राला काटकोनात आणि त्याच्या मध्याशी जुळलेली हवी, हे खरं. नळीचा बाहेरचा पृष्ठभाग आणि आतलं छिद्र नेहमी एकमध्य असतंच असं नाही. म्हणून चांगला कारागीर इंडिकेटरचा काटा छिद्राच्या आत टेकवून नळी जुळवतो, मगच हत्यार लावतो.

बिघाड बहुतेकदा साफसफाईत होतो. एनसीसीत रायफल हाताळलेल्यांना पुलथ्रू, म्हणजे नळीतून ओढायची दोरी, आणि चिंदी आठवत असेल. दोरी सरळ न ओढता एका बाजूला घासत ओढली, की वर्षानुवर्षांत तोंडाची कड एकीकडून झिजते. तोंडाकडून घातलेला क्लीनिंग रॉडही तेच करतो. सोव्हिएत कारखान्यांनी तर झिजलेल्या मोसिन-नागांत रायफलींच्या तोंडाशी छिद्र मोठं करून खाचांचा खराब भाग काढून टाकला. बाहेरून नळी तेवढीच लांब राहिली, पण गोळी आतल्या नव्या कडेवरून सुटू लागली.

तपासणी सोपी आहे. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा भाग, काढा. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून नळीच्या तोंडाशी आतून बाहेर फिरवा. कापूस एखाद्या जागी अडकत असेल, तर तिथे खोच किंवा बर आहे. भिंगातून पाहिलं, की तोंडाभोवतीची काजळी एका बाजूला जास्त आहे का, तेही कळतं. ग्रूप फाकला म्हणून पोराला महिनाभर श्वासाचे धडे देण्याआधी प्रशिक्षकांनी ही पाच मिनिटं जरूर द्यावीत.

दुरुस्ती परवानाधारक आर्मररकडूनच, म्हणजे शस्त्र-कारागिराकडूनच, करून घ्या. यापुढे रॉड नेहमी ब्रीचकडून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाकडून, आणि त्याला सरळ ठेवणारा गाइड लावूनच घाला. आणि नवी कड कापून आली, की आधीच्याच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, काडतुसं घेऊन ग्रूप काढा. लॉट बदललात, तर फरक कडेनं पडला की काडतुसांनी, हे सांगता येणार नाही.