सोळा पायऱ्या

मॉरिशसच्या राजधानीतल्या, पोर्ट लुईच्या बंदरातल्या या काळ्या दगडाच्या पायऱ्या मोजा. सोळा भरतील. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

मॉरिशसला मूळ रहिवासी नव्हतेच. अरब खलाशांना बेट ठाऊक होतं, पोर्तुगीज येऊन गेले. राहिलं कुणीच नाही. १५९८ मध्ये डच उतरले आणि आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं नाव देऊन मोकळे झाले. पुढे वस्ती केली, जावाहून ऊस आणि हरणं आणली, एबनीची, म्हणजे काळ्या टणक लाकडाची झाडं तोडली आणि १७१० मध्ये गाशा गुंडाळला. तोवर बिचारा न उडणारा डोडो पक्षी संपला होता. तो शिकारीपायी गेला म्हणतात, पण बोटींतून आलेल्या उंदरा-डुकरांनी त्याची अंडीही सोडली नाहीत.

१७१५ मध्ये बेटावर फ्रेंच झेंडा लागला. गव्हर्नर ला बुर्दोने यानं पोर्ट लुई उभं केलं, असं पुस्तकं सांगतात. त्याचा पुतळा आजही बंदराकडे तोंड करून उभा आहे. दगड वाहिले ते मादागास्कर आणि मोझांबिकहून धरून आणलेल्या गुलामांनी. त्यांचे पुतळे कोण करणार?

१८१० मध्ये ग्रां पोरची आरमारी लढाई फ्रेंचांनी जिंकली, पण डिसेंबरात बेट इंग्रजांनी घेतलं. तहात भाषा, कायदे, रीतीरिवाज तसेच ठेवायचं ठरलं. म्हणून दीडशेहून अधिक वर्षं इंग्रजांचं राज्य होऊनही इथली वर्तमानपत्रं फ्रेंच आणि बाजारातली बोली क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून उपजलेली.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली. भरपाई मिळाली मालकांना! उसाला तर माणसं हवीच होती. आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबरला, कलकत्त्याहून निघालेलं 'ॲटलस' जहाज ३६ मजूर घेऊन इथे लागलं होतं. पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बहुतेक बिहारकडची, काही मद्रासची, आणि मुंबई बंदरातून आलेली आपली कोकणातलीही.

उतरल्यावर त्यांना याच पायऱ्या चढाव्या लागत. वर नोंद व्हायची, नंबर मिळायचा, एकदोन रात्री इथेच काढायच्या आणि मग मळा. याला म्हणतात आप्रवासी घाट.

त्या नोंदवह्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. पणजोबांचं गाव शोधत लोक आजही तिथे येतात. आणि गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते.