जयगाव, धुये आणि आपला ळ

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? पत्रिकेवर विषय छापलाय 'गावाच्या नावाचा बरोबर उच्चार कोणी ठरवायचा', आणि दिलेल्या वेळातला बराचसा सत्कारातच गेलाय, तेव्हा लगेच सुरू करतो. पिंपरी-चिंचवडमधला हॉल आहे, म्हणजे समोर निम्मे तरी आपले खानदेशातलेच असणार, त्यामुळे ळ चा य कसा होतो हे मी तुम्हाला काय शिकवणार, तुम्ही घरी तेच बोलता आणि कंपनीत गेलं की गिळून टाकता. (हशा) हसताय म्हणजे खरंय.

आमच्या शाळेत एक सर होते, बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण 'जयगाव' ऐकलं की त्यांचं डोकं फिरायचं. उभं करायचे आणि म्हणायला लावायचे, जळगाव, काळा, डोळा, केळं, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. जीभ वळायची नाही तर छडी. आता माझ्या बाकावरचा मित्र मोठा हुशार, त्याने मनाशी हिशोब मांडला की आपण जिथे य म्हणतो तिथे सरांना ळ लागतो. बरोबरच आहे की! मग निबंध आला 'माझी आई'. आता आई कोणाच्या घरी होती, आमच्याकडे माय. त्याने लिहिलं, "माझी माळ पहाटे उठते, गाळचं दूध काढते आणि आजीचे पाळ दाबते." (मोठा हशा) हसा हसा, सरही असेच हसले होते, वही हातात घेऊन अख्ख्या वर्गापुढे वाचून दाखवली आणि शेजारच्या वर्गावरच्या बाईंनाही बोलावून ऐकवली. पोरगं त्यानंतर वर्गात तोंड उघडेना, हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा. माझा राग आहे तो इथे. अरे त्या पोराने नियम शोधून काढला होता, फक्त उलटा लावला! भाषाशास्त्राच्या वर्गात असता तर शाबासकी मिळाली असती. आज रावेरकडे त्याची बाग आहे, तो 'केयी' विकतो, आणि उत्तरेकडच्या व्यापाऱ्याला ती बरोब्बर समजतात. जळगावच्या केळ्याला जीआय, म्हणजे त्या भागाच्याच मालाला मिळणारं सरकारी मानांकन, मिळालं तेव्हा मी त्याला फोन केला, तर म्हणे आता कागदावर ळ लिहितो, कोणी मारत नाही.

बरं, हा नियम आहे म्हणजे काय ते बघा, कारण लोकांना वाटतं हा गचाळपणा आहे, खेडवळ जिभेला ळ जमत नाही वगैरे. अमळनेरचं अमयनेर, पारोळ्याचं पारोया, चाळीसगावचं चायीसगाव, धुळ्याचं धुये, भुसावळचं भुसावय. पण मालेगावचं कधी मायेगाव ऐकलंय? एरंडोलचं एरंडोय? यावल तर यावलच. म्हणजे ल कुठे आहे आणि ळ कुठे आहे हे आमच्या आज्यांना, ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पक्कं माहीत होतं, नाहीतर दोन्हींचा काला झाला असता. आणि गंमत म्हणजे हिंदीत दोन्हींचं ल होतं. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत जा, तिकडे भुसावल. एकाच स्टेशनावर तीन उच्चार नांदतात आणि गाडी तिन्हींसाठी थांबते. मग हसायचं ते फक्त आपल्याच उच्चाराला का?

बहिणाबाईंचं मन 'वढाय' आहे, ते वढाळच. अख्खा महाराष्ट्र ते कौतुकाने म्हणतो, तिथे कोणी छडी काढत नाही. बाई आसोद्याच्या, जळगावपासून हाकेच्या अंतरावर, आणि आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. (इथे लेवा गणबोली वेगळी आणि अहिराणी वेगळी, खानदेशातल्याच या दोन बोली, यावरून आपल्यात भांडण होऊ शकतं, ते चहाच्या वेळी करू.)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अरे, मूळ मुद्दा तर राहिलाच.

तर पटापट. पुणेकर लिहितात पुणे आणि बोलतात पुणं. ठाण्याचं ठाणं. ते चालतं, त्याला अशुद्ध म्हणायची कोणाची हिंमत नाही, कारण शुद्ध काय ते इथेच ठरतं. कोकणात मुंबय. इंग्रजांनी पुष्कळ नावं कानाने ऐकून लिहिली, म्हणून त्यांचं जुनं स्पेलिंग म्हणजे एक प्रकारचं रेकॉर्डिंगच: यवतमाळ त्यांनी 'येवतमाल' असं लिहिलं, आणि अमरावतीच्या कापसाला बाजारात 'उमरा' म्हणायचे कारण तेव्हा उमरावती कानावर पडत होतं. भारतातल्या भाषांची पाहणी करणारा इंग्रज अधिकारी ग्रियर्सन, त्याने १९०७ मध्ये आपल्या खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात न घालता भिल्ल भाषांच्या खंडात घातलं, त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल, पण निदान साहेबाने बोलीचे नमुने तरी गोळा करून घेतले.

माझं म्हणणं एवढंच की लिहिताना जळगाव लिहा, त्यात काही वाद नाही. पण कोशात, शाळेच्या पुस्तकात, गॅझेटियरमध्ये गावाच्या नावापुढे तिथली माणसं काय म्हणतात तेही द्या, 'अशुद्ध' असा शिक्का न मारता. मोबाईलमधली मॅपवाली बाई आपल्या गावांची काय दशा करते ते तुम्ही ऐकताच, तिला निदान खरा उच्चार ऐकायला तरी मिळू दे. दिवाळीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांना आजूबाजूच्या गावांची नावं घ्यायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा. फक्त "नीट बोल ना आजी" असं म्हणू नका, ती लगेच सावध होते आणि टीव्हीसारखं बोलायला लागते.

शेंदुर्णीच्या काकांचा हात केव्हाचा वर आहे. विचारा काका, संयोजकांकडे बघू नका.